खिडकीच्या भिंती

सुतक फिटल्यावर मी कामावर गेलो. आळेफाट्याजवळच्या आमच्या कारखान्यात घरांच्या भिंती आणि स्लॅब साच्यात ओततात. मग ट्रेलरने मंचरच्या बाजूला साइटवर नेऊन क्रेनने जोडतात. ओतलेली भिंत लगेच हलवता येत नाही, काँक्रीट घट्ट व्हावं लागतं. म्हणून काही घरांचा माल यार्डात कायम पुढे काढून ठेवायचा. त्याला आम्ही बफर म्हणतो. कुठला साचा कधी बदलायचा हे ठरवणं माझं काम.

यार्ड गच्च भरलेलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, सगळ्या भिंती एकाच जातीच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या. बाजूच्या भिंती नाहीत, स्लॅब नाहीत. तिकडे साइटवर क्रेन रिकामी उभी. त्या दिवशी काम मिळालं नाही तर ती दुसरीकडे जाणार, आणि गेलेली क्रेन लवकर परत मिळत नाही.

बायको गेली त्या दिवशी जो साचा लावलेला होता, तोच अजून चालू होता.

मुकादम आळ्याचा, माझ्याहून वयाने मोठा. विचारलं तेव्हा तो भिंतींकडेच बघत म्हणाला, "सुतकातल्या माणसाला साच्याचं काय इचारायचं, साहेब? आन् काम बंद ठिवलं आस्तं, तर आल्या आल्या तुमाला मोकळं यार्ड दिसलं आस्तं. ते बरं वाटलं न्हाई."

त्या दिवसांत मी फोन मांडीवर ठेवून बसायचो. कारखान्यातून कुणीतरी काहीतरी विचारेल असं वाटायचं. फोन यायचे ते नातेवाइकांचे. शेजारून पिठलं-भाकरी यायची, ती मी खायचो.

साइटच्या इंजिनिअरला फोन केला. सगळ्या रांगेचे पाये तयार होते. त्याला म्हटलं, प्रत्येक पायावर खिडकीचीच भिंत उभी करा, टेकू द्या, तोवर मी दुसरे साचे लावतो. एक घर पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावणारा माणूस तो.

"लोक म्हणतील, राव, ही घरं हाईत का नाटकाचा पडदा?"

म्हणू देत, म्हटलं. क्रेन गेली नाही, साइटवरच राहिली.

दुपारी ट्रेलरबरोबर मीही गेलो. दिवस कलेपर्यंत बऱ्याच भिंती उभ्या राहिल्या, मागे टेकू, बाकी मोकळं. एका खिडकीतून पलीकडे बघितलं. ऊस होता. अलीकडेही ऊसच होता. आमच्या घरात ओट्यासमोर खिडकी नाही. दिवाळी आली की ती म्हणायची, यंदा फोडून घेऊ.

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. "साहेब, बाजूच्या भिंतीचा साचा लावलाय. उद्या त्योच ठिवू का?"

हे मी त्याला सकाळीच सांगून आलो होतो.

"ठेवा," म्हटलं. "आणि उद्या संध्याकाळी परत विचारा."