बाहेरची कडी

किल्लीनाना आणि माई यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये एक दार होतं. नानांनी ही गोष्ट आयुष्यभर सांगितली आणि दर वेळी ते दार जाड होत गेलं. लग्नाच्या वर्षी ते साधं लाकडी होतं. मुलगी शाळेत जाऊ लागेपर्यंत त्याला लोखंडी पट्ट्या बसल्या होत्या, आणि नाना पन्नाशीला टेकले तोवर ते तोफेलाही दाद देईनासं झालं होतं.

माई तेव्हा एका औषधांच्या दुकानात कामाला होत्या. मागच्या कोठीखोलीत खोकी रचायला गेल्या आणि दाराचं कुलूप आपोआप बसलं ते बसलंच. दुकानाचा मालक, शेजारच्या छापखान्यातली माणसं, समोरचा न्हावी (अर्ध्या गालाला साबण लागलेल्या गिऱ्हाइकासकट) आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मं शहर दारासमोर उभं राहून सल्ले देत होतं. कोणी तेल ओतलं, कोणी पहार आणली, एकाने तर बाईला आधी भिंतीतून नळीने हवा पुरवा म्हणून सांगितलं. मग गर्दी दुभंगली आणि हातात पिशवी घेऊन कुलपं उघडून देणारे नाना अवतरले. ‘अवतरले’ हा त्यांचाच शब्द. त्यांनी ऐटीत पिशवी उघडली, तर आतून जेवणाचा डबा निघाला. हत्यारांची पिशवी घरी राहिली होती.

तेव्हा नाना गुडघ्यांवर बसले आणि दाराखालच्या फटीला तोंड लावून म्हणाले, “घाबरू नका. तुमच्याकडे केसांची पिन आहे का?”

फटीतून पिन आली. पिनेमागून दोन बोटं आली. एकावर इस्त्रीचा ताजा चटका होता. नानांनी पिन घेतली, आणि बोटं सोडायची विसरले.

“पिन मिळाली ना?” आतून आवाज आला. “मग बोटं परत करा.”

त्या दिवशी नानांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. पिन मागण्याआधी, फटीला कान लावल्यावर, त्यांना आतल्या माणसाचा श्वास ऐकू आला होता. कोंडलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते त्यांना कळलं. पुढे त्यांनी कुलपांचं दुकान टाकलं, तिजोऱ्या उघडल्या, शाळांना कुलपं बसवली, पण झोपायच्या खोलीला बाहेरून कडी कधी बसवून दिली नाही. एकजण आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी अशी कडी मागायला आला, तर नाना म्हणाले, “आधी तुमच्या खोलीला बसवतो. महिनाभर वापरून बघा. आवडली तर वडिलांना बसवू.” तो माणूस पुन्हा फिरकला नाही.

असे हे नाना म्हातारे झाले. थंडीत त्यांची बोटं लाकडासारखी व्हायची, किल्ली कुलपात जाण्याआधी जमिनीवर जायची. पण खरी काळजी माईंची होती. त्यांची झोप उडाली होती. अधूनमधून नव्हे, वर्षानुवर्षं. औषधं झाली, काढे झाले, नानांनी स्वतः गाणंही म्हणून पाहिलं, त्याने शेजाऱ्यांचीही झोप उडाली. माई वाळत चालल्या होत्या, बोलताबोलता शब्द विसरत होत्या. डॉक्टरांनी एक दिवस नानांना बाजूला घेतलं. “यांना झोप लागली नाही तर हृदय फार काळ साथ देणार नाही. उबदार हवेत जा. समुद्रकाठी.”

समुद्रकाठी दोन गावं होती. एक टेकडीवर, एक टेकडीखाली, मध्ये बसची एक चढण. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहा आणि मग ठरवा. तुम्ही चप्पल घेताना चार दुकानं हिंडता, घर काय असंच घ्याल?”

आधी ते वरच्या गावात उतरले. घर स्वच्छ, हवा उबदार. नानांची बोटं तिसऱ्या दिवशी इतकी मोकळी झाली की त्यांनी घरमालकिणीचं शिवणयंत्र न विचारता खोलून ठेवलं. पण गाव विचित्र होतं. समुद्राकडची प्रत्येक खिडकी खिळे ठोकून बंद. दुपारी जेवणं झाली की अख्खं गाव रस्त्यावर येऊन बाकांवर बसायचं, समुद्राकडे पाठ करून, आणि एकमेकांना जागं ठेवायचं. कोणाची मान कलली की शेजारचा कोपराने ढोसायचा.

“दुपारी झोपत नाहीत का इथे?” नानांनी विचारलं.

“वारा फिरतो दुपारी,” घरमालकीण म्हणाली.

“मग?”

“मग काय! झोपायचं असेल तर खाली जा. खाली सगळे झोपतातच. भाड्याची घरंही भरपूर आहेत तिथे.” आणि तिने शिवणयंत्राचे सुटे भाग मोजायला घेतले.

माईंना तिथे झोप लागली नाही. आठव्या दिवशी त्या नानांना म्हणाल्या, “अहो, इथे मी एकटी जागी नसते एवढंच समाधान.”

खालचं गाव बघताक्षणी आवडावं असं होतं. रुंद अंगणं, हसरी माणसं, सगळ्यांचे चेहरे कसे झोपून उठल्यासारखे टवटवीत. घर मोठं, ओसरी मोठी. माई स्वयंपाकघरातला गॅस पेटवून बघत होत्या तेव्हा नाना सवयीने दारं बघत होते. झोपायच्या खोलीपाशी येऊन ते थांबले.

कडी बाहेर होती. पितळी, जाडजूड, वापरून वापरून चकाकलेली. आतल्या बाजूला कडी नव्हतीच. नानांनी दार लोटून आतलं लाकूड पाहिलं. ओरखडे नव्हते. ओरखडे असते तर त्यांना बरं वाटलं असतं. छातीच्या उंचीवर, दोन जागी, लाकूड नुसतं गुळगुळीत झालं होतं. तळहात टेकून टेकून, पावलांनी पायरीचा दगड झिजावा तसं.

खालची फट मात्र बोटभर होती.

दुपारी जेवणं झाल्यावर एक लठ्ठ, आनंदी बाई हातातला पंखा हलवत दारात आली. गावात तिला कडीवाली म्हणत. या गल्लीतल्या सगळ्या कड्या घालणं आणि वारा पडला की काढणं हे तिचं काम होतं.

“घालू का कडी?” तिने दूधवाल्याच्या सहजपणे विचारलं.

“आमच्याकडे नको,” नाना ताठ होऊन म्हणाले. “आमच्या घरात माणसं कोंडत नाहीत.”

“नवीन ना तुम्ही? नवीन माणसं असंच म्हणतात.” ती हसली. “ताईंना चालायला आवडतं का हो?”

“नाही.”

“आवडेल,” असं म्हणून ती पुढच्या घराकडे गेली. खट्. मग त्यापुढच्या. खट्. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात राहिला.

माई आडव्या झाल्या आणि नानांच्या डोळ्यांदेखत झोपल्या. साध्या झोपल्या नाहीत, घोरल्या! नाना पलंगाशेजारी खुर्चीत बसून ते घोरणं एखाद्या मैफलीसारखं ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. याच घरात राहायचं, कडी उपटून फेकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि वारा फिरला. पडदा आत फुगला होता तो हळूच बाहेर ओढला गेला. गल्लीत कुठेतरी आवाज झाला. कोणी दार ठोठावत नव्हतं. टेबल पुसावं तसा आवाज, तळहात लाकडावरून फिरल्याचा. मग शेजारच्या घरात. मग समोरच्या. थोड्या वेळात सगळ्या गल्लीतली दारं आतून कोणीतरी पुसत होतं.

माईंचं घोरणं थांबलं होतं. त्या उठून बसल्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू.

“पाणी हवंय का?” नानांनी विचारलं.

माई त्यांच्यासमोरून निघून गेल्या. अनवाणी, अंगण ओलांडून, रिकाम्या गल्लीतून सरळ समुद्राकडे. नाना धावले. त्यांनी दंड धरला, तर जिना चढताना धापा टाकणाऱ्या माईंनी त्यांना पिशवीसारखं ओढत नेलं. वाळू लागली. पाणी लागलं. पाणी गुडघ्यांना आलं, कमरेला आलं. नानांनी हाका मारल्या, विनवण्या केल्या, मुलीचं नाव घेतलं. माई चालतच होत्या. शेवटी नानांच्या तोंडून संसारातलं जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा गेलं होतं तेच निघालं.

“अगं, गॅस चालू राहिलाय!”

माई थांबल्या. डोळे उघडले. “मी केव्हाच बंद केलाय,” त्या म्हणाल्या. मग खाली बघितलं. “हे काय? तुम्ही इथे काय करताय भिजत?”

दोघं परत आली. ओसरीवर अंग पुसताना माई म्हणाल्या, “तुम्हीच बोलावत होतात.”

“मी?”

“दाराच्या पलीकडून. घाबरू नका, पिन द्या, म्हणत होतात. आवाज तेव्हाचा होता. आणि मला ‘तुम्ही’ म्हणत होतात. किती वर्षं झाली तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हटल्याला.”

कडीवाली कड्या काढत काढत आली, ओले कपडे बघून न विचारताच समजली आणि ओसरीच्या कडेला टेकली. “माझ्या सासूबाईंना त्यांचा लहानपणचा कुत्रा बोलावतो,” ती म्हणाली. “ज्याचं त्याचं असतं काहीतरी. झोप लागली ना पण?”

“आणि कडी नसेल तर?” नानांनी विचारलं.

“तर काय! इतकी घरं भाड्याने उगाच निघतात का?”

ती गेल्यावर नाना उठले आणि बॅग भरायला लागले. “वरच्या गावात जाऊ. आत्ताच्या आत्ता.”

“मी नाही येत,” माई म्हणाल्या.

“डोकं फिरलंय का तुझं?”

“उलट आज कितीतरी वर्षांनी ठिकाणावर आलंय. उठल्यापासून एक शब्द विसरले नाहीये मी. वरती मी जागी राहून मरेन हो. इथे झोपून जगेन. तुम्ही फक्त कडी घाला.”

“मी माणूस कोंडत नाही. तुला माहीत आहे.”

“मला कोणी कोंडत नाहीये. मी सांगतेय तुम्हाला. सांगून घातलेली कडी वेगळी.”

“बाहेरून घातलेली कडी बाहेरूनच असते.”

“मग बाहेर बसा!” माई चिडून म्हणाल्या. “नाहीतरी दुपारभर घरातली घड्याळं बिघडवण्यापलीकडे करता काय तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी कडीवाली आली तेव्हा नाना म्हणाले, “आमची मी घालतो.” ती पंखा हलवत पुढे गेली. माई आत गेल्या. नानांनी दार लोटलं. हजारो कुलपं उघडलेला तो हात कडीवर बराच वेळ नुसता थांबून राहिला. “अहो, घाला लवकर, झोप येतेय,” आतून आवाज आला. खट् झालं. नाना तिथेच जमिनीवर, दाराला पाठ लावून बसले.

वारा फिरला. गल्लीभर तो पुसण्याचा आवाज सुरू झाला. मग नानांच्या पाठीमागच्या लाकडावरही. नानांना दारातून श्वास ऐकू आला. त्यांनी वाकून फटीला तोंड लावलं आणि जे सुचलं ते म्हणाले, “घाबरू नका. मी इथेच आहे.”

आवाज थांबला. फटीतून दोन बोटं बाहेर आली. नानांनी ती धरली आणि मग नीट बघितली. संधिवाताने वाकडी झालेली माईंची बोटं त्यांच्या ओळखीची होती. ही सरळ होती. सुरकुती एकही नव्हती, आणि एका बोटावर इस्त्रीचा चटका होता, लालबुंद, आजचा असावा तसा.

नानांनी हात सोडला नाही. समुद्राकडून कोणीतरी तरुण आवाजात पिन मागत होतं ते त्यांनाही आता ऐकू येत होतं. नाना फटीपाशी सारखं बोलत राहिले, त्या आवाजापेक्षा थोडं मोठ्याने. दुकान, गर्दी, न्हावी, डबा, सगळी गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली. वारा पडला तेव्हा बोटं आत गेली. कडी काढली तर माई पलंगावर बसून जांभई देत होत्या, वाकड्या बोटांनी केस सावरत. “काय झोप लागली!” त्या म्हणाल्या. “तुम्ही कोणाशी बडबडत होता हो?”

“कोणाशी नाही,” नाना म्हणाले.

त्यांनी खालच्या गावातलं ते घर घेतलं. रोज दुपारी नाना दाराबाहेर बसत, ‘तुम्ही’ म्हणून बोलत आणि ती गोष्ट सांगत. दार दिवसेंदिवस जाड होत गेलं. माईंनी अंग धरलं, शब्द परत आले, त्या नानांना पूर्वीसारखं टोचून बोलू लागल्या.

नऊ वर्षांनी शहरातल्या दवाखान्यात मधुमेहाने माई गेल्या. तेव्हा त्या जाग्या होत्या. नाना आता वरच्या गावात राहतात, दुपारी बाकावर समुद्राकडे पाठ करून बसतात. विचारलं तर म्हणतात, तिथे नळाला पाणी दोन्ही वेळा येतं.