गोळ्यांचा रकाना

मी औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. या नोकरीचा माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, पहिल्यापासून राग. पाचोडहून आले की चार पाहुण्यांत म्हणायचे, "आमची सून दिसभर परक्या गड्यांचे दंड धरून बसती." लोक हसायचे. मीही दात काढायचे आणि आत जाऊन भाकरी जरा जोरातच थापायचे.

लघवी अडायला लागली तेव्हा मात्र डॉक्टरांनी त्यांना माझ्याच लॅबात पाठवलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय आहे का, हे बघायला पीएसए नावाची रक्ततपासणी करायची होती. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे: प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत का? काही गोळ्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो आणि आजार असला तरी रिपोर्ट चांगला दिसतो. म्हणून विचारावंच लागतं. मी विचारलं.

"सुनेनं सासऱ्याला इचारायच्या गोष्टी हायेत का ह्या? लाज इकून खाल्ली का?" रांगेतले सगळे ऐकत होते. "नाय म्हणून लिही. कसल्याच गोळ्या नाय."

आदल्याच दिवशी मी त्यांची कोपरी धुवायला घेतली होती. खिशात त्याच गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. गावच्या मेडिकलमधून ते वर्षभर गुपचूप घेत होते, हे नंतर कळलं. पण तेवढी पट्टीही मला पुरेशी होती. मी 'नाही' लिहिलं. ते म्हणाले तेच लिहिलं, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. खोटं आहे. मला सूड घ्यायचा होता, आणि घेताना बरं वाटलं.

रिपोर्ट नॉर्मल आला. मामांनी बाजाराच्या दिवशी पाचोडात पेढे वाटले. डॉक्टरांकडे पुन्हा फिरकले नाहीत.

दीड वर्षानं कंबर धरली. कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी जुना फॉर्म बघून विचारलं, "तेव्हा गोळ्या नव्हत्या ना चालू?" मामा गप्प बसले. मीही गप्प बसले.

आता ते आमच्याच पुढच्या खोलीत पडून असतात. पीएसएसाठी रक्त मीच काढते, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. परवा मी पाकिटातून सुई काढत असताना गावाकडचा एक पाहुणा म्हणाला, "पयला रिपोर्टच चुकला असंल."

म्हातारा उशीवरून मान उचलून त्याच्यावर खेकसला, "माझ्या सुनंच्या हातचा कागद हाय तो. चुकायचा नाय."

आणि दंड माझ्यापुढं केला.