शिंगाळ्याचा काटा आणि गरम पाणी

शिंगाळा पाण्याबाहेर काढला की कुरकुरतो. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझे आईवडील मराठवाड्यातले, मी वाढले कामोठ्यात, आणि आमच्या घरी मासा म्हणजे सुकट, बोंबील आणि पाहुणे आले तर पापलेट. मग लग्न झालं ते मोरा बंदराच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी. पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी होडीतून एक करड्या अंगाचा, मिश्यावाला, बुळबुळीत मासा उचलला आणि तो माझ्याकडे बघून चक्क कुरकुरला. मी दोन पावलं मागे सरकले. सगळा धक्का हसला.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांची होडी लहान, एका माणसाची. भरती-ओहोटी बघून ते खाडीच्या तोंडाशी जाळं टाकतात. तिथे नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकत्र येतं, पाणी कायम गढूळ असतं, आणि शिंगाळ्याला नेमकं तेच आवडतं. समोर बंदराच्या मोठ्या क्रेन, मागे तिवरं, मध्ये बाबा. तिथे आता पूर्वीसारखे मासे मिळत नाहीत, पण शिंगाळा अजून येतो. बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नाही. आमच्या घरी मात्र चिंच आणि भरपूर लसूण घालून त्याचं कालवण होतं आणि त्या दिवशी मी भात मोजत नाही.

एकदा बाबांनी एका शिंगाळ्याचं तोंड उघडून मला आत बघायला लावलं. आत पिवळसर अंडी होती, पोरांच्या खेळातल्या गोट्यांएवढी. "हा बापूस हाय," बाबा म्हणाले. "पोरं तोंडात घेऊन फिरतो. तवर खात नाय काय." आणि त्यांनी तो अलगद खाडीत सोडला. असा तोंड भरलेला नर आमच्याकडे कुणी घरी आणत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, शीक जरा. तो म्हणाला, मी जेवण सोडणार नाही.

या माशाची खरी भानगड त्याच्या काट्यांत आहे. एक पाठीवर, दोन बाजूंना, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. म्हणून जाळ्यातून शिंगाळा काढला की आधी पकडीने तिन्ही काटे मोडायचे, मगच तो टोपलीत टाकायचा. काटा लागला तर धडधाकट गडी लहान पोरासारखा ओरडतो, हे मी स्वतः धक्क्यावर पाहिलंय. त्यावर कोळीवाड्यात एकच उपाय: गरम पाणी. लागलेला हात गरम पाण्यात बुडवायचा, जितकं सोसेल तितकं गरम. विष उष्णतेने मरतं आणि ठणका उतरतो. पाणी किती गरम हे ज्याला लागलंय त्यानेच सांगायचं, कारण सोसायचं त्याला असतं. तो बस म्हणेपर्यंत बाकीच्यांनी ओतत राहायचं.

आता घरातल्या भांडणाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबांना साखर आहे, बरीच वर्षं. गोळ्या ते आठवेल तेव्हा घेतात आणि चहात बिस्किटं मात्र न विसरता बुडवतात. माझा नवरा द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे आणि आम्ही तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. गेलं वर्षभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं: होडी विका, आमच्याकडे या, सोसायटीत लिफ्ट आहे, बाग आहे. बाबांचं उत्तरही एकच. "हात चालतोय तवर होरी इकायची नाय." बापलेक दोघेही हट्टी. आणि मी बाबांच्या बाजूने. मी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, त्या बागेत बसून ते करणार काय, वॉचमनशी गप्पा? पाण्यावर गेले नाहीत तर माणूस झुरून जाईल. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की हात चालतोय तोवर होडी राहील, आणि ज्या दिवशी हात चालणार नाही त्या दिवशी बाबा स्वतःहून थांबतील. बाबांनी मान डोलावली. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

तो रविवार पावसाळा संपल्यानंतरचा, घामाने जीव नकोसा करणारा. नवऱ्याची ड्यूटी होती म्हणून मी एकटीच मोऱ्याला गेले होते. सासूबाई, म्हणजे आई, ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. बाबा धक्क्यावरून चालत आले, एका हातात टोपली, आणि दुसरा हात फडक्यात गुंडाळलेला. फडकं लाल झालं होतं.

"शिंगाल्यानं मारला," ते म्हणाले. पाऊस येईल असं वाटतंय, अशा सुरात.

काटा तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी शिरला होता आणि मोडून आतच राहिला होता. आईंनी तो ओढून काढला. मी तोंड फिरवलं. बाबांच्या तोंडून हूं की चूं आलं नाही. शेजारची म्हातारी काकू बघायला आली होती, ती म्हणाली, "केवरा सोशीक गो बाबा तुजा!" मला अभिमान वाटला. खरंच वाटला. मनात म्हटलं, आता नवऱ्याला सांगते, बघ तुझा बाप.

आईंनी गॅसवर पाणी ठेवलं, टोपात ओतलं, आणि बाबांनी हात बुडवला.

"थंड हाय," बाबा म्हणाले. "आनखी वत."

आईंनी पातेल्यातलं पाणी आणखी ओतलं.

मला एका जागी बसवत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. मी ओट्यावर जात होते, आत येत होते, नवऱ्याला फोन लावत होते. तो उचलत नव्हता. मग माझ्या आईला लावला. तिने विचारलं, "मासा चावला?" मी म्हटलं, चावत नाही गं, काटा मारतो. ती म्हणाली, "मग डॉक्टरकडं न्या की, पाण्यात काय ठेवताय?" मी वैतागून फोन ठेवला. माझ्याच आईला इथलं काय कळतंय, असं मला वाटलं. बाबा हसले. "कशाला नाचतेस गो इकरं तिकरं, बस ना येका जागी."

"बाबा, दुखतंय का?"

"मना काय झायलं नाय. आनखी वत गो."

आईंनी पुन्हा पातेलं उचललं. पाण्यातून वाफ येत होती. मला ती वाफ दिसत होती, पण डोक्यात प्रकाश पडत नव्हता, कारण रीतच तशी: ज्याला लागलंय तो सांगेल. आणि बाबा सांगत होते. थंड हाय, थंड हाय. आई ओतत होत्या. टोप काठापर्यंत भरला, पाणी सांडायला लागलं, म्हणून तो नीट सरकवायला मी हात घातला.

माझी बोटं पाण्याला लागली आणि माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की काकू उठून उभी राहिली. मी हात झटकत नाचत होते. बोटांची टोकं लालबुंद. आणि बाबांचा अख्खा हात त्याच पाण्यात होता, मनगटापर्यंत, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना काळजी माझी. "भाजलं काय गो?"

आईंनी त्यांचा हात ओढून बाहेर काढला. कातडी पांढरी पडून फुगली होती आणि दोन बोटांवरून सुटत होती. बाबांनी हाताकडे बघितलं, वर-खाली फिरवून बघितलं. तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. मग आई खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि मी ओरडायला लागले. कुणावर ओरडत होते, मलाच माहीत नव्हतं. रिक्षा आण, रुमाल आण, अरे कुणीतरी हला ना!

दवाखान्यात पट्टी होईपर्यंत मी बाहेरच्या बाकड्यावर बसून एकेक गोष्ट जोडत होते. बाबांची एक चप्पल नेहमी हरवायची. पायातून निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे, आम्ही सगळे हसायचो, मी तर सर्वांत जास्त. पूर्वी ते गप्पा मारत, समुद्राकडे बघत जाळं शिवायचे. अलीकडे मान खाली, डोळे सुईवर, आणि कुणी हाक मारली तर चिडायचे. मला वाटलं म्हातारपण. साखरेने बोटं बधिर झाली होती आणि ते हाताचं काम डोळ्यांनी करत होते. त्या दिवशीही काटा लागल्याचं त्यांना रक्त दिसल्यावरच कळलं असणार. आणि आम्ही त्यांना सोशीक म्हणत होतो.

हे त्यांना कधीपासून माहीत होतं? मी हा प्रश्न तेव्हा विचारला नाही, नंतरही नाही. माहीत होतंच. ठरलेलं होतं ना, हात चालतोय तोवर. त्यांनी तोंड बंद ठेवलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी वाटलं, मी त्यांच्या जागी असते तर मीही कुणाला पत्ता लागू दिला नसता.

नवरा गोदामातून थेट आला. हेल्मेट हातातच. मला वाटलं तो आता म्हणणार, सांगत नव्हतो मी? तो तसं काही म्हणाला नाही. ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला आणि मीही. बाकड्यावर बसलेल्या आई म्हणाल्या, "बसा रे दोगं, मना चक्कर येतंय."

जखम भरायला बरेच दिवस लागतील, डॉक्टर म्हणाले, पण हात वाचेल. बाबांना एवढंच ऐकू आलं. त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे होरी चालवीन ना?"

नवऱ्याने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, पाय आणि दुसरा हात, दोन्हींना किती कळतंय ते आधी बघू. पायांचं पटकन झालं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी बाबांचा चांगला हात टेबलावर उताणा ठेवला. एका लहान दांडीला नायलॉनचा आखूड तुकडा लावलेला होता, गळाच्या दोरीसारखाच. बाबा तो बघून हसले. "हीच दोरी घेऊन गेली आख्खी जिनगानी," म्हणाले.

"आता डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "मी टोचलं की हां म्हणायचं. नाही कळलं तर गप्प राहायचं."

बाबांनी डोळे मिटले. शाळेतल्या परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. मी त्यांच्या मागे उभी होते, माझे हात आपोआप त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर गेले होते. मला वाटत होतं की डॉक्टरांनी टोचलं की मी खुर्ची जराशी हलवावी. इतकं वाटत होतं की मी हात मागे घेऊन पदरात गुंडाळले.

डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं.

"हां," बाबा म्हणाले.

आईंनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी तर्जनीला टोचलं. थोडं थांबून बाबा म्हणाले, "हां." मधल्या बोटाला टोचलं नव्हतं तरी बाबा म्हणाले, "हां." करंगळीला टोचलं तेव्हा ते गप्प होते, आणि मग दोरी उचलल्यावर घाईने, "हां."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं आणि ती दांडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिली. हात मांडीवर घेतले.

बाबांचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळाला आठ्या. हाताची पाची बोटं उघडी, उताणी, त्यांना काहीही लागत नव्हतं.

"हां," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हां." आणि पुन्हा, "हां."

कुणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं आणि कुणालाच ते जमत नव्हतं. शेवटी नवरा वाकला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, झालं."

त्यांनी डोळे उघडले. आधी टेबलाकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि मग मान वळवून माझ्याकडे. घरात त्यांच्या बाजूचं माणूस मीच होते.

"सगली बरोबर आली ना गो?"

"नाही बाबा," मी म्हणाले.