आबांनी ओळखलेली पुंगळी

आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातल्या एका दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. बाकावर घट्ट बसवलेल्या नळीतून गोळी उडवायची आणि तिचा वेग मोजायचा, हे त्यांचं काम. त्यापायी कान गेले. निवृत्तीनंतर ते सिल्वासाजवळच्या अथालला माझ्याकडे राहायला आले. मी सिल्वासात शिक्षिका. धाकटा भाऊ इथेच पोलिसात होता. तो सुटीच्या दिवशी आला की दोघं काडतुसांवरच बोलत बसायचे. मी कंटाळून आत जायचे.

त्यातलं एक बोलणं मात्र मला जसंच्या तसं आठवतं. आबांनी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं होतं. "पिस्तुलाचं साधं काडतूस नळीसारखं सरळ. हे बघ, याची मान आवळलेली, बाटलीसारखी. पोटात दारू जास्त मावते, गोळी मात्र बारीक आणि हलकी. म्हणून सुटते जोरात. लांब गेली तरी फार खाली येत नाही."

"मंग लागल्यावर?" भावाने विचारलं.

"लाकडातून आरपार जाते. आम्ही फळ्यांमागे फळ्या लावून बघायचो." किती फळ्या, तेही त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. खुशीत होते.

त्यानंतर वर्षभरातच जवळच्या सायली गावातल्या एका चाळीत एका फरारी माणसाला पकडायला भावाची तुकडी गेली. खोलीचं लाकडी दार आतून बंद होतं. आतल्या माणसाने बंद दारातूनच आरपार गोळी झाडली. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा भाऊ गेलेला होता.

तेरावं झाल्यावर त्याचा एक सहकारी भेटायला आला. आबांनी त्याला पहिलंच विचारलं, "काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली का?"

त्याने चाचरत मोबाईलवर फोटो दाखवला. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "मान आहे," ते म्हणाले. "बूड दाखव." बुडावरचा कारखान्याचा शिक्का ते बराच वेळ बघत राहिले.

"आमची नाही."

"बरं झालं, आबा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले.

"काय बरं झालं?" ते ओरडले. "फळ्या मोजून दाखवल्या मी त्याला. दारासमोर उभा राहू नको, एवढं सांगायचं मात्र राहिलं."

सहकाऱ्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तो हळूच म्हणाला, "ताई, त्याला माहीत होतं. आम्हा दोघांना त्यानेच दंडाला धरून दारासमोरून बाजूला ओढलं."

मी धावत आत गेले. आबांना हे दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांना ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "मंग तो का नाही हटला?"



महिनाभरातच आबा गावी परत गेले. मी थांबवून बघितलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं बोलणं होतं ते जेवणाचं आणि गोळ्या-औषधांचं, तेवढंच.