वहीत न लिहिलेले काही सेकंद

ईशान आणि मीरा,

बापूआजोबा कसे गेले, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘अचानक’ एवढंच म्हटलं. ते खरं नव्हतं. परवा ईशान म्हणाला, आजी, ते जुनं मशीन आता देऊन टाक. द्यायचं की नाही ते मग बघू. आधी हे वाचा.

रविवारी माझ्या खुर्चीमागे चष्मा कपाळावर चढवून उभे राहणारे बापूआजोबा तुम्हाला आठवत असतील. व्हिडिओ कॉल चालू असताना कॉम्प्युटरचं ते मशीन थिजलं की ते तळहात वर करायचे आणि मोठ्याने मोजायचे, “एक, दो, तीन.” पडदा हलला की हात खाली. जन्म मराठी घरात गेला, पण मोजणं मात्र कायम हिंदीत.

ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होते. पुढे शहरात मल्हारगंजात मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान चालवलं, लग्न केलं नाही. तुमचे आजोबा गेल्यावर ते दुकान बंद करून शहराबाहेर राऊ भागातल्या या फ्लॅटमध्ये माझ्या सोबतीला आले. येताना कपड्यांची एक पेटी आणि हत्यारांच्या तीन आणल्या.

मशीन ईशानचं. परदेशी जाताना तो ते इथेच ठेवून गेला. खेळांसाठी त्याने ते ओव्हरक्लॉक केलं होतं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं होतं. वर्षभराने ते मध्येच थबकायला लागलं. दोन-तीन सेकंद माउसचा बाण, आवाज, तुमचे चेहरे, सगळं जागच्या जागी. मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू. ईशान फोनवर म्हणाला, वेगामुळे होत असेल. दुकानदारही तेच म्हणाला. मलाही पटलं. भाऊजींना नाही.

“जो आधीच बदनाम आहे, त्याच्यावर आळ घ्यायला काय लागतं वहिनी,” ते म्हणाले. त्यांनी वेग मूळ पातळीवर आणला आणि आठ दिवस वाट पाहिली. मशीन तरीही थबकत राहिलं. मग त्यांनी ईशानचा वेग होता तसा परत लावला. पोराने मेहनतीने बसवलाय, बेकसूर निघाला, तर त्याची जागा त्याला परत द्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी वहीत लाल शाईने रकाने आखले: तारीख, वेळ, किती सेकंद, तेव्हा काय चालू होतं. शाळेत मुलींना तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर रकान्यांशिवाय मला चैन पडत नाही. भाऊजी इथल्या बोलीत भैयाचं ‘भिया’ करत चिडवायचे, “वहिनींची वही म्हणजे बोर्डाचा पेपर आहे भिया, समासाचेपण मार्क असतील.”

एका वेळी एकच बदल, हा त्यांचा नियम. एकदा मी कंटाळून त्यांना न सांगता दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या: कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढलं आणि एक प्रोग्रॅम काढून टाकला. दोन दिवस मशीन सुरळीत चाललं. मी कौतुकाने सांगितलं, तर ते रागावले नाहीत. कॅबिनेट मागे ढकललं, प्रोग्रॅम परत टाकला आणि म्हणाले, “आता यातलं खरं कोण, ते कसं कळणार? चला, फिरसे.” माझ्या उत्साहापायी पंधरा दिवस गेले.

मेमरीच्या पट्ट्या तपासून झाल्या, केबली झाल्या. शेवटी दोष सापडला तो जुन्या हार्ड डिस्कमध्ये, जिच्यात आपले सगळे फोटो आहेत. वापर नसला की ती झोपायची. कुणी काही मागितलं की जागी होईपर्यंत बाकी सगळं मशीन तिची वाट बघत उभं. भाऊजींनी तिची झोप बंद केली, एका सेटिंगने. मी वही मिटायला निघाले, तर म्हणाले, अजून महिनाभर लिहायचं.

त्याच महिन्यात ते स्वतः थबकायला लागले.

पहिल्यांदा चहा पिताना. वाक्य अर्धं, कप हवेत, नजर माझ्यावर पण मला न बघणारी. तीन-चार सेकंद. मग त्यांनी विचारलं, “काय म्हणत होतो मी?” मी शब्द सांगितला आणि ते पुढे बोलू लागले. काही दिवसांनी पुन्हा तसंच. मग एका दिवशी दोनदा, आणि दुसऱ्या वेळी उजव्या हातातून चमचा पडला. मी चमचा उचलून धुतला. मनात म्हटलं, चौऱ्याहत्तर वय आहे, व्हायचंच. संध्याकाळी वहीत लिहिलं: ‘आज एकदाही थांबलं नाही.’ ती ओळ माझ्या अक्षरात आहे.

तीन दिवसांनी सकाळी ते मशीनसमोरच कोसळले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी असं थोडा वेळ थांबणं, हातातून वस्तू पडणं, काही झालं होतं का? मी हो म्हटलं. कधीपासून, किती वेळा, किती सेकंद? ईशान, मशीनची प्रत्येक तारीख मी सांगू शकले असते. त्यांची एकही सांगता आली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, ती मेंदूच्या झटक्याची पूर्वसूचना असते. तेव्हा आणलं असतं तर कदाचित उपाय झाला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांना थोडं बोलता येत होतं. मी जवळ बसून सांगितलं, “भाऊजी, मी बघत होते. वय म्हणून सोडून दिलं.”

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. “मलापण कळलं होतं वहिनी,” ते म्हणाले. “मीपण वयावरच टाकलं.” मग डावा हात माझ्या हातावर ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी ते गेले.

आता तुमच्यासाठी एक काम. रविवारी बोलताना मी मध्येच थांबले, तर नेटवर्क खराब आहे म्हणू नका, आणि आजी म्हातारी झाली असंही म्हणू नका. वेळ बघा, मोजा, लिहून ठेवा आणि मला सांगा.

मशीन ईशानने लावलेल्या वेगावर चालू आहे. हे मी त्यावरच लिहिलं. फोटोंची डिस्क जागी आहे. वही खणात आहे, आणि तिची अर्धी पानं अजून कोरी आहेत.