स्पूल टेपच्या शोधात: फुलचूर, सडक अर्जुनी, कामठा

डिसेंबरात लोक आमच्या गोंदियाकडे नवेगावचे पक्षी बघायला जातात. मी त्या वर्षी जुनी स्पूल टेप, म्हणजे फितीची रिळं वाजवणारं यंत्र, घ्यायला गेलो.

माझे बाबा भीमगीतं गायचे. गाणीही त्यांचीच, असं आम्ही आणि तिकडचे सगळे मानत आलो. त्यांच्या आवाजाचं एकच स्पूल नागपूरच्या घरात उरलं होतं. मागे कोरसमध्ये आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबांच्या स्मृतिदिनी विहारात सीडी वाटायची असं दादाने ठरवलं आणि मुखपृष्ठ छापूनही टाकलं: गीतकार-गायक, खाली बाबांचं नाव. पण घरच्या टेपचं फीत वाचणारं हेड इतकं झिजलेलं की आवाज उशीखालून आल्यासारखा यायचा. चांगलं यंत्र बघणं भाग होतं. इंटरनेटवर दोन सापडली, दोन्ही याच जिल्ह्यात.

नागपूरहून सकाळच्या गाडीने दोन-सव्वादोन तासांत गोंदिया. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले आणि ऑटोने फुलचूर गाठलं. तिथल्या निवृत्त मास्तरांनी यंत्रावर मखमली कापड घालून ठेवलं होतं. आधी त्यांनी स्वतःचं स्पूल लावलं. "सुनिए, ऐसी आवाज अब कहाँ मिलती है," म्हणाले. ढोलकी खरंच छातीत वाजत होती. मग मी माझं स्पूल लावायला सांगितलं आणि फीत फिरवणारा पट्टा सैल असल्याचं लगेच कळलं. लांबवलेला प्रत्येक सूर डुलत होता. कुणी असं यंत्र घ्यायला निघालं असेल तर एवढं ऐका: स्वतःचं, पाठ असलेलं स्पूल सोबत न्या. विकणाऱ्याच्या स्पूलवर काही कळत नाही.

दुपारी एसटीने गोरेगाव, कोहमारा करत सडक अर्जुनी. दीड-दोन तास लागतात. हायवेवरच्या ढाब्यावर डाळ-भात बरा मिळाला. दुसऱ्या यंत्राचे मालक गोपीचंदभाऊ पूर्वी लग्नांना लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. माझं स्पूल लावण्याआधी त्यांनी कापसाने, स्पिरिट लावून हेड पुसलं. बाबांचा आवाज आला. श्वास घेतलेला कळत होता. पेटी वेगळी, टाळ वेगळे, कोरसमधली आत्या वेगळी. हेच घ्यायचं, मी ठरवून टाकलं.

गाणं संपल्यावर आमच्या टेपवर नुसती गुणगुण यायची. इथे शब्द आले.

"भाऊ, गानं माह्यं आहे. कार्यक्रमात माह्यं नाव घेजो न." ही आत्या.

बाबा हसले. "बाईचं गानं मनलं तं कोन आयकन? माह्याच नावानं राहू दे."

आणि खटका.

मी तेवढंच तीनदा लावायला सांगितलं. गोपीचंदभाऊंनी आवाज कमी केला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. यंत्र मी घेतलं, नंतर पाठवायला सांगितलं. तिथून साकोलीमार्गे नागपूरची बस सरळ मिळते. मी उलटा गोंदियाला परतलो, लॉजवर राहिलो आणि सकाळी काळीपिवळी जीपने आत्याच्या गावी, कामठ्याला गेलो.

आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने चहा ठेवला, दादाच्या पोरांची चौकशी केली. मी टेपवर काय ऐकलं ते सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

"मले मालूम आहे, बापू. मीच तं बोलली होती."

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मायले सांगतलं. ते मने, घरातलंच तं आहे." थोडा वेळ ती खडे वेचत राहिली. "त्याच्यानंतर मी गानं जोडलंच नाही."

मी म्हटलं, मुखपृष्ठ बदलू, तुझं नाव टाकू. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

"दादाले विचारलं का?"

मी कपातला चहा संपवला. तिने पुन्हा सूप उचललं. निघताना तिने पिशवीभर तांदूळ दिले, ते मी घेतले.

यंत्र घरी आल्यावर दादाला ऐकवलं. एकदाच. तो म्हणाला, बाबा गेले, आता लोकांनी त्यांना नावं ठेवायची का, शेवटचं कापून टाक. मी दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर मीच कापलं. यंत्र उत्तम आहे, सीडीचा आवाज सगळ्यांनी वाखाणला. विहारात बाबांची गाणी म्हणून ती वाजली आणि त्यांचा मुलगा म्हणून माझाही सत्कार झाला. मी शाल घेतली. आत्याला बोलावणं धाडलं होतं, ती आली नाही.

हे सगळं मी इथे लिहू शकतो, कारण दादा माझा ब्लॉग वाचत नाही. आणि कामठ्यात आत्याला तो वाचून दाखवणारं कुणी नाही.