विहिरीत न सोडलेलं कासव

"मॅडम, ह्याला पवता येईना झालंय," असं म्हणत सुरेखानं माझ्यापुढं श्रीखंडाचा डबा धरला, तेव्हा माझा एक हात खांद्यापर्यंत म्हशीत होता.

म्हैस गाभण आहे की नाही ते बघत होते. सरकारी पशुवैद्यकाचा निम्मा जन्म याच कामात जातो. माझा दवाखाना बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या हद्दीवर आहे. समोरून ऊस भरलेले ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि आत मी ओरडून बोलते. इथं गाई येतात, म्हशी येतात, शेळ्या-मेंढ्या येतात, कधी एखादं कुत्रं. डबा पहिल्यांदाच आला होता. म्हटलं, ठेव टेबलावर, हात धुऊन आले.

डब्यात बोटभर पाणी, आणि त्यात लिंबाच्या फोडीएवढं कासवाचं पिल्लू. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फाकलेल्या. एका अंगाला कललेलं. डोळे सुजून बंद. श्वास सोडला की नाकावर बुडबुडा यायचा. पाठीवर हलकं बोट टेकलं तर कवच पिकल्या चिकूसारखं दबलं.

"पाण्यात कधीपासून आहे?"

"आणल्यापासनं. म्हैना झाला आसंल. टबात ठेवलंय, रोज पाणी बदलते. दुधात चपाती कुस्करून घालते."

मी त्याला पटकन उचललं आणि कोरड्या फडक्यावर ठेवलं. "सुरेखा, याचे पाय बघ. बोटांत पडदा आहे का? हे खांबासारखे पाय चालायचे आहेत. हे माळरानावरचं कासव आहे गं. याला पोहता कधी येतच नव्हतं. इतके दिवस ते बुडू नये म्हणून धडपडत होतं."

तिचा चेहरा पडला. सुरेखा तशी घट्ट बाई. दोन गाई, एक म्हैस, घरचा ऊस, सगळं हातावेगळं करते, आणि गाय अडली तर माझ्याबरोबर गोठ्यात रात्र काढते. पण त्या दिवशी ती स्टुलावर टेकली आणि पदरानं हात पुसत राहिली. मग हळूहळू सगळं कळलं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, नवी विहीर पाडली होती. पाणी चांगलं लागलं होतं. आमच्या भागात नव्या विहिरीच्या पूजेला पाण्यात कासव सोडायची रीत आहे. कासव असलं की पाणी निवळ राहतं, आटत नाही, असं मानतात. आबांच्या कुणा पाहुण्यानं कुठल्याशा रस्त्यावरून हे पिल्लू विकत आणून दिलं. पूजेला वेळ होता, म्हणून आबांनी ते सुनेकडं सोपवलं. आणि कासव म्हटल्यावर तिनं पाण्यात ठेवलं. तिच्या जागी गावातलं कुणीही असतं तर तेच केलं असतं.

"पूजा कधी आहे?"

"परवा. वाचंल का तोवर?"

"वाचलं आणि विहिरीत सोडलं, तर बुडून मरेल."

मग मला दुसरी गोष्टही सांगावी लागली. असं रानातलं कासव पाळणं आपल्याकडे गुन्हा आहे. बरं झालं तरी ते तिला ठेवता येणार नव्हतं. वनखात्याला कळवणं मला भाग होतं, आणि तिनं आपण होऊन आणून दिलं हेही मी सांगणार होते.

"म्हंजी मामंजींस्नी बी न्हाय आन मला बी न्हाय."

"नाही."

तिनं फडक्याचं टोक उचलून त्याच्या पाठीवरचं पाणी टिपलं. "मग जगवा तरी," म्हणाली.

आता माझी खरी पंचाईत. मी गुरांची डॉक्टर. कॉलेजात कासव एका तासापुरतं भेटलं होतं. पुण्याला वन्यप्राण्यांवर काम करणारी माझी एक वर्गमैत्रीण आहे, तिला फोन लावला आणि सरळ विचारलं, काय करू? ती म्हणाली, आधी ऊब दे, मग वजन कर, मग औषध. कासवाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही, बाहेरच्या उबेवर चालतं. अंग गार असेल तर औषधही अंगात नीट फिरत नाही. थंडीचे दिवस होते आणि हे पोर महिनाभर गार पाण्यात. त्याला न्यूमोनिया झाला होता. उन्हाविना आणि चुन्याविना, म्हणजे कॅल्शियमविना, कवच कडक व्हायचं राहून गेलं होतं.

ऊब द्यायची तर दिवा हवा, आणि हल्लीचे एलईडी दिवे गरम होत नाहीत. शेजारच्या पोल्ट्रीतून कोंबडीच्या पिल्लांसाठी लावतात तो पिवळा बल्ब मागून आणला. लशी गार ठेवायला येतो तो थर्माकोलचा खोका घेतला, झाकण काढलं, एका कडेला बल्ब टांगला, तळाला फडकं अंथरलं. झालं आमचं आयसीयू.

वजनाचं अवघड होतं. गाईला मी नजरेनं वजन लावते, वीस-तीस किलो इकडे तिकडे झाले तरी गाय तक्रार करत नाही. इथं ग्रॅमचा हिशेब. दवाखान्यातल्या काट्यावर ते पिल्लू ठेवलं तर काट्याला कळलंसुद्धा नाही. मी त्याला ओंजळीत घेऊन चौकातल्या सराफाकडं गेले. तो आधी हसला, मग काट्यावर स्वच्छ कागद टाकला आणि सवयीनं म्हणाला, "तीन तोळ्याला जरा कमी. मोडायचंय का नवीन करायचंय?"

मेडिकलमधून मधुमेहाच्या पेशंटची बारीक सिरिंज आणली. औषध पातळ करून थेंबभर भरलं. गुरांना मांडीत टोचायची सवय, पण मैत्रिणीनं बजावलं होतं: पुढच्या पायात दे. कासवाच्या मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडं जातं, तिथं दिलेलं औषध कामाला लागायच्या आत बाहेर पडू शकतं. पाच-पाचशे किलोच्या बैलांना बिनघोर टोचणारी मी, त्या काडीएवढ्या पायापुढं दोनदा सुई मागं घेतली. सुरेखानं पिल्लू धरलं होतं. तिचा हात हलला नाही.

वनरक्षकाला फोन केला. तो बिचारा ऊसतोडीच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली म्हणून तिकडं अडकला होता. म्हणाला, "मॅडम, परवा संध्याकाळी येतो. तोवर तुमच्याकडंच सुरक्षित ठेवा. कुणाला देऊ नका." मी त्याच वेळी आमच्या खात्याच्या तालुक्यातल्या साहेबांनाही फोन करून सगळं सांगितलं. साहेब "बरं बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांचा आवाज बदलला होता. आबांच्या पाहुण्यांत कुणी वजनदार माणूस होता आणि पूजेला बरीच मोठी मंडळी यायची होती.

"मॅडम, ते कासव त्यांचं त्यांना देऊन टाका."

"सर, ते वन्यजीव आहे. वनखात्याला कळवलंय, काल तुम्हालाही सांगितलं."

"मग त्यांचं ते बघतील. तुम्ही कशाला मध्ये पडता? आपलं खातं गुरांचं. वंध्यत्व शिबिराची तयारी झाली का?"

"झाली. सर, कासव परत करायचं ना? तसं लेखी द्या, आत्ता देते."

असलं कुणी लेखी देत नसतं, ते आम्हां दोघांनाही माहीत होतं.

"तुम्ही फार ताणता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी ताणतेच. या नोकरीत बाईनं ताणलं नाही तर तिला सगळे फक्त लसीच्या खोक्यांच्या याद्या करायला बसवतात.

दुपारी आबा स्वतः आले. मुलानं, म्हणजे सुरेखाच्या नवऱ्यानं, मोटारसायकलवर आणलं होतं. तो बाहेरच थांबला. सुरेखा आत खोक्याजवळ बसली होती. सासऱ्यांना बघून तिनं पदर सारखा केला आणि उभी राहिली.

आबांचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. कालवा आला तसा ऊस आला आणि मेंढरं गेली, पण जनावराकडं बघायची त्यांची नजर अजून मेंढपाळाचीच. मला ते आवडायचे. अजूनही आवडतात. म्हणून तर त्या दिवशीची त्यांची भाषा जास्त लागली.

"डॉक्टरीणबाई, आमचं कासव द्या. उद्या पूजा हाय."

"आबा, ते विहिरीत जगणार नाही."

"कासव पाण्यात जगणार न्हाय? मग काय उसात जगंल?"

"हे जमिनीवरचं आहे. पाय बघा."

त्यांनी पाहिले. मेंढपाळ माणूस, पाय बघितल्यावर त्यांना कळलं असणार. पण आता मागं कसं फिरायचं? "हे बघा बाई, पाव्हण्यांस्नी सांगून बसलोय. जगायचं तितकं जगंल. एक दिस दिसलं म्हंजी झालं."

मला संताप आला. एक दिवस दिसावं म्हणून जीव द्यायचा? मी काही बोलणार, तेवढ्यात सुरेखा बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"मामंजी, न्हाय."

आबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. "तू घरला चल."

"चलते. पर ह्याला न्हाय न्यायचं. तुमच्या कळपातलं आजारी कोकरू तुमी कधी देवाला सोडलंय का? लंगडं बी न्हाय सोडलं. मला लग्न होऊन आल्यापासनं तुमीच सांगताय. मग हे आजारी जित्राब विहिरीला कसं चालतंय?"

आबा म्हणाले, "तुला तरी ते मिळणार हाय का? सरकारच नेणार न्हवं?"

"न्हाय मिळणार. मला म्हाईत हाय. तरीबी न्हाय."

मी टेबलाच्या पुढं येऊन आबा आणि खोका यांच्या मध्ये उभी राहिले. करायचं म्हणून केलं नाही, पाय आपोआप तिकडं गेले. आबांनी एकवार त्या बल्बच्या उजेडाकडं बघितलं आणि ते काठी उचलून निघून गेले. मोटारसायकल सुरू झाली. सुरेखा मात्र गेली नाही. "आता उशिरा गेले काय आन लवकर गेले काय," म्हणाली आणि परत खाली बसली.

पूजेच्या दिवशी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. तिकडं घर पाहुण्यांनी भरलेलं. पण संध्याकाळी वनखात्याची गाडी यायच्या जरा आधी ती धावत आली, हाताला पुरणाचा वास. पिल्लाचा एक डोळा फटीएवढा उघडला होता. तिनं बांधावरची घोळाची भाजी आणली होती. एक पान चुरून त्याच्या तोंडासमोर धरलं. बराच वेळ काही नाही. मग त्यानं मान पुढं काढली आणि पानाचा कण तोडला.

सुरेखा रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली?

वनरक्षकानं खोका बल्बसकट नेला. पुण्याच्या उपचार केंद्रात त्याला बरेच आठवडे ठेवलं. कवच कडक झालं, वजन वाढलं. ते कुणी विकलं याचा तपास म्हणे सुरू आहे. सुरेखावर काही कारवाई झाली नाही.

माझ्यावर मात्र मेमो आला. गुरांच्या दवाखान्यात अन्य प्राण्यावर उपचार का केले, खुलासा करावा. मी लिहिलं: आजारी होतं म्हणून. त्यावर उत्तर आलेलं नाही.

पुढं एकदा सुरेखा कालवड घेऊन आली, तेव्हा पूजेचं सांगितलं. पाहुण्यांनी भर मांडवात विचारलं, आबा, कासव कुठं हाय? आबा म्हणाले, आजारी होतं, आमच्या सुरेखानं सोडू दिलं न्हाय.

"रागानं म्हणाले का?" मी विचारलं.

"काय कळलं न्हाय मॅडम. पर इतक्या वर्सांत चारचौघांत माझं नाव पहिल्यांदा घेतलं."

माझ्यापुरता मी यातून एवढाच नियम घेतला आहे. टेबलावर आलेलं जनावर बरं होईपर्यंत डॉक्टरचं. मालक, साहेब आणि पाहुणे यांचा नंबर त्यानंतर. यावर आणखी एखादा मेमो येणार असेल, तर येऊ दे.